काजळीचा पान्हा

अंबूबाई गेली ती शिमग्याची पोळी खाऊन, संध्याकाळची धार काढून, चरवी घासून पालथी घालून मग गेली. सकाळी उठलीच नाही. वय विचारलं तर ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं; प्लेगाच्या साली आपण नुकत्याच नांदायला आलो होतो, एवढाच तिचा पुरावा. वेल्ह्याच्या वरल्या अंगाला असलेल्या त्या वाडीनं एकमतानं ठरवलं, की मरण यावं तर असं यावं, आणि तेरा दिवस सगळी माणसं बऱ्यापैकी समाधानानं रडली.

कुंडलिक हा तिचा उत्रोलीचा जावई. सासुरवाडीला तेरा दिवस नुसतं बसायची पाळी आल्यावर माणसाला दुसरं काम काय? तो माणसं न्याहाळत बसला. कोण किती रडलं, कोणी किती भाकऱ्या उडवल्या, कोण दोन्ही कामं एकदम करत होतं, हे सगळं त्याच्या डोक्यात टिपलेलं होतं. मेव्हण्याची बायको ठकुबाई पाहुणे आले की रडायची आणि पाहुणे वळले की डोळे पुसून तांदूळ निवडायला बसायची. मेव्हणा ज्ञानू खरोखर रडत होता, पण गोठ्यामागं जाऊन, त्यामुळं ते कुणाच्या हिशेबात धरलं गेलं नाही. आणि चंद्राबाई, कुंडलिकची स्वतःची बायको, म्हातारीची एकुलती एक लेक, ती मात्र रडलीच नव्हती.

ही एक गोष्ट कुंडलिकला खुपत होती. कारण त्याला माहीत होतं. भातकापणीच्या ऐन घाईत वाडीहून निरोप आला होता, "म्हस व्यालीय. लेकीला चार दीस खरवस खायला धाडा." कुंडलिक विळा परजता परजता म्हणाला होता, "बघू." मग मळणी निघाली, मग शिमगा आला. आणि मग दुसरा निरोप आला, त्याला 'बघू' म्हणायची सोय नव्हती. चंद्राबाई त्यावर एक अक्षर बोलली नव्हती. बायको बोलत होती तोवर कुंडलिकला कधी भीती वाटली नव्हती.

तेराव्याची पंगत उठल्यावर ज्ञानू बहिणीला म्हणाला, "आक्का, आईची आठवन म्हनून काय नेतीस? चांदीचे गोठ हायेत, तांब्याचा हंडा हाय. तू बोल."

ठकुबाईचा हात आपोआप कंबरेच्या चाव्यांवर गेला.

"मला काजळी पायजे," चंद्राबाई म्हणाली.

काजळी म्हणजे तीच म्हैस. तिचं रेडकू महिन्याभरात दगावलं, तरी म्हातारीच्या हाताखाली दोन वेळचं सहा शेर दूध देत होती. ठकुबाईचा हात चाव्यांवरून खाली आला आणि ती इतक्या झटकन "न्या की वन्सं" म्हणाली, की कुंडलिकला तिथंच संशय यायला हवा होता.

"येक सांगते दाजी," ठकुबाई म्हणाली. तिचं बोलणं म्हणजे गुळाचं पाणी. टोचणारी गोष्टसुद्धा ती पाकात घोळून द्यायची. "ती सासूबाईंबिगर कुनाला धार दीत न्हाई. मला तर जवळ उभी करत न्हाई. वन्सं हे तेरा दीस आईचं लुगडं नेसून बसत्यात, म्हनून चाललंय. उंद्या जड झाली तर माघारी आना हो. लाजायचं न्हाई. आपलंच घर हाय."

चार पाहुण्यांच्या देखत असं म्हटल्यावर जावयानं काय करायचं? कुंडलिकनं मिशीला पीळ दिला. "पान्हा चोरनारी म्हस म्या अजून बघितली न्हाई. माघारी आनली तर ही मिशी हितं उतरून ठिवीन."

त्याचा बाप कोंडिबा व्याह्याच्या नात्यानं तेराव्याला आला होता आणि भिंतीला टेकून पेंगत होता. त्यानं डोळे न उघडता म्हटलं, "जपून लाव बाबा. तेवडीच तुजी सोताची मिळकत हाय."

निघायच्या दिवशी चंद्राबाईनं आईचं लुगडं नेसून पहाटेची धार काढली. मग ते सोडून नीट घडी घातली. लेकीनं परत जाताना आईचं नेसतं लुगडं आईच्या मैत्रिणीला आपल्या हातानं द्यावं, ते बरोबर नेऊ नये, असं वाडीतल्या बायकांनी बजावलं होतं. चंद्राबाईनं ते फुलाबाईच्या हातावर ठेवलं. फुलाबाई ही भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी, अंबूबाईची चाळीस वर्षांची सोबतीण. मैत्रिणीचे दिवस होईपर्यंत ती थांबली होती. आता नसरापूरला लेकीकडं निघाली होती. ती लुगडं उराशी धरून हिरड्याची पोती लादलेल्या गाडीवर चढली आणि बघता बघता वळणाआड गेली.

तिच्यापाठोपाठ कुंडलिकनंही गाडी जुंपली. निघताना ठकुबाईनं चंद्राबाईच्या गळ्यात मिठी घातली आणि आजूबाजूला एकही पाहुणा नसताना रडली. "वन्सं, म्हातारी मला बोलायची तवा राग यायचा. आता घरात कुनी बोलत न्हाई तर घर खायला उठतंय." चंद्राबाईनं तिची पाठ थोपटली. तेरा दिवसांचं दोघींचं खडाष्टक तिथंच मिटलं. कुंडलिकला वाटलं, चला, एक भानगड संपली. माणूस किती चुकीचा हिशेब करू शकतो!

गाडीत पुढं कुंडलिक, मागं चंद्राबाई, मधे पेंढ्यावर आडवा झालेला कोंडिबा आणि त्याच्या पोटावर डोकं टाकून सात वर्षांची नात साळू. सगळ्यात मागं, गाडीच्या साट्याला दाव्यानं बांधलेली काजळी. बैलांना घराची ओढ, म्हशीला वाडीची. बैल पुढं ओढायचे, म्हैस मागं ताणायची, आणि मधल्या मधे गाडीचा कणा कुईकुई करायचा. कुंडलिकला आपला संसार आठवला.

ऊन चढलं. रस्त्याची माती पिठासारखी झाली होती, चाक रुतलं की भसकन उडायची. दोन्ही अंगांच्या खाचरांतून भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचे काळे चौकोन दिसत होते, आणि धुराचा वास नाकात बसत होता.

"लोकांचे राब भाजून झाले," कुंडलिक म्हणाला. "आपला पाला-शेण तसंच रचून पडलंय."

"भाजशील," कोंडिबा म्हणाला. "मला आदी म्हशीचं सांग. माज्या तोंडात दात न्हाई. दूध-भाकरीबिगर मला दुसरा देव न्हाई. सा शेरातलं माजं किती?"

वाटेनं जो भेटेल तो म्हशीकडं बघून तोच प्रश्न विचारत होता. माणूस कुठला, कोण वारलं, हे नंतर. आधी, "काय देती?" पहिल्याला कुंडलिकनं "सा शेर" सांगितलं, दुसऱ्याला "सात". दुपारी आंब्याखाली भेटलेल्या मेंढक्याला त्यानं आठ सांगितलं. सावलीत बसल्यावर दूध आपोआप वाढतं.

गुंजवणीच्या काठाकाठानं रस्ता खाली उतरला तसं काजळीला पाणी दिसलं. तिनं एकच हिसडा दिला, दावं तुटलं, आणि ती डुलत डुलत जाऊन डोहात बसली. नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर. कुंडलिकनं हाका मारल्या, चुचकारलं, खडे मारले. शेवटी धोतर वर खोचून आत शिरला आणि शेपटी धरून ओढू लागला. म्हशीनं शेपटी फिरवली. चिखलाचा सपकारा मिशीसकट तोंडावर बसला.

"दादा काळं झालं!" साळू बापाकडं बघून टाळ्या पिटत ओरडली.

"आता दोघं भाऊ-भयीन दिसत्यात," कोंडिबा गाडीतून म्हणाला.

चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली. कुंडलिकनं ते चोरून बघितलं आणि थोडा वेळ आणखी चिखलातच उभा राहिला.

सांजच्याला मार्गासनीला पोचले तेव्हा म्हशीची कास तटतटून फुगली होती. जांभळीखाली गाडी सोडली. चंद्राबाईनं आंबोण पुढं ठेवलं, चरवी घेतली, सडांना पाणी लावलं. "माजी बाय ती," ती हळूच म्हणाली, "माजी सोन्याची ती." काजळीनं आंबोणातून तोंड वर काढलं, वळून तिच्याकडं बघितलं आणि पाय झाडला. चरवी घरंगळत जांभळीच्या बुंध्याला जाऊन आपटली.

"सरक," कुंडलिक म्हणाला. तो पुढं बसला. त्यानं पाठीवर थाप मारली, मानेला खाजवलं, शीळ घातली. पान्हा नाही. सड ओढले तर चार थेंब निघाले, तेही जणू उसने दिल्यासारखे. मग लाथ आली ती मांडीवर बसली. रात्री सगळ्यांनी भाकरी तोंडी लावायला काही नसताना पाण्याबरोबर खाल्ली. कोंडिबानं भाकरी पाण्यात कुस्करली आणि प्रत्येक घासाला म्हशीकडं बघितलं.

सकाळीही तेच. कास आता हाताला घट्ट लागत होती. म्हैस मागचे पाय फाकवून उभी होती, बसेना.

"कासंनं दगडी धरली तर म्हस हातची गेली," कोंडिबा गंभीर झाला. "सड मरतील. मग नुसतं शेन काडायचं."

चंद्राबाई सडांवर ओलं फडकं फिरवत होती. ती एकदम थांबली. "लुगडं," ती म्हणाली. "आईचं लुगडं न्हाई म्हनून. तिला वास लागत न्हाई."

"ते तर फुलामावशीनं नेलं."

"व्हय. म्या माज्या हातानं दिलं."

मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेलं लुगडं परत मागणं म्हणजे पितरांच्या पानावरचा घास उचलण्यासारखं. आणि न मागावं, तर म्हैस घेऊन परत वाडीला, ठकुबाईच्या दारात. कुंडलिकचा हात मिशीकडं गेला आणि तिथंच राहिला.

"मागायचं न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "पन नसरापूर वाटंवरच हाय. मावशीच्या दारात म्हस नुसती उबी करू. तिलाच दया आली तर आली."

नऊ-दहा मैल त्या दिवशी सरता सरेनात. म्हैस पाय टाकताना कण्हायची. कुंडलिक गाडीतून उतरून तिच्या बाजूनं चालत होता. कुणी "काय देती?" विचारलं की तो बैलांवर ओरडायचा.

नसरापूरच्या बाजाराच्या तोंडाशीच नेमका रखमाजी भेटला. हा उत्रोलीचा, कुंडलिकच्या शेजारचा. मीठ आणि गूळ घ्यायला आला होता. याच्या कानात दुपारी घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत भोरच्या पुलापलीकडं जायची.

"आरं कुंडल्या! म्हस आनलीस व्हय सासूची? काय देती?"

जीभ सवयीनं वळली. "आठ शेर."

"आठ!" रखमाजीनं चाबूक काखेत मारला. "म्या आज रातीच पोचतोय. सांगतो समद्यांना. उंद्या सांजंला धारंला येतो बग तांब्या घिऊन."

तो गेल्यावर कोंडिबा म्हणाला, "दोन तरी कमी सांगायचे हुते. तेवडाच कमी अपमान."

फुलाबाईच्या लेकीचं घर बाजारामागच्या आळीत होतं. अंगणात फुलाबाई पाय पसरून बसली होती, समोर चिंध्यांचा ढीग, हातात दाभणाएवढी सुई. चंद्राबाईनं ढिगाकडं बघितलं. आईच्या लुगड्याचे हिरवे काठ वेगळे, अंग वेगळं. फुलाबाईनं ते फाडून नातीसाठी गोधडी घालायला घेतली होती.

"ये गं चंद्रे! आंबूच्या उबंत निजंल आमची पोर," फुलाबाई म्हणाली. मग तिचं लक्ष म्हशीकडं गेलं. ती सुई गोधडीत टोचून उठली. कासेला हात लावला. "अगं बया बया! किती येळची हाय ही?"

"काल पाटंपासनं," चंद्राबाईचा आवाज फुटला. "मावशे, लुगडं न्हाई म्हनून पान्हा सोडत न्हाई. म्या मागायला आले न्हाई. पन आता तर ते..."

"लुगडं?" फुलाबाई हसायला लागली. दात नसलेल्या तोंडानं ती अशी हसली की शेजारची दोन पोरं धावत आली. "लुगड्यानं कुटं म्हस दूध दीती? चरवी आन."

तिनं पदर खोचला. सडांना पाणी लावलं. कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलं. आणि अंबूबाईच्या आवाजात, थेट तिच्याच सुरात, गोधडीला टाके घालावे तशी एकसारखी बोलू लागली.

"काय बाई सांगू काजळे तुला. जावाई केला उत्रोलीचा. लोकं म्हनली भाताचा मुलूख हाय, पोरगी सुखात पडंल. पडली बाई. पयल्या आकितीच्या सनाला आला तो अकरा पोळ्या खाऊन उठला, आन् उठता उठता इचारतो, वाटंला बांदून देताय का..."

चुर्र. चरवीच्या बुडाशी पहिली धार वाजली.

"नऊ!" कुंडलिक ओरडला. "अकरा न्हवं, नऊ पोळ्या!"

"मदी बोलू नगा जावईबापू. सड आखडतोय." फुलाबाईनं मान वळवली नाही. "दिवाळीला आला तो माज्या ज्ञानूची छत्री घिऊन गेला, ती अजून माघारी यायची हाय. घर शाकारायला ये म्हनलं, तर आड्यावर चढून बसला आन् वरून शानपन शिकवतोय. गवत वाहिलं आमी बायकांनी. मिशीला रोज त्याल, आन् माज्या चंद्रीच्या डोक्याला सनावारी. कायबी इचारा, म्हनतो बघू. ह्याचा बघू म्हंजे आवसंचा चांद गं बाई, वाट बगायची, दिसायचा न्हाई..."

दोन धारा लागल्या. काजळीनं डोळे मिटले. कान सैल सोडले. संथ रवंथ करत ती ऐकत होती, आणि चरवीत फेस चढत होता. कोंडिबा गाडीतून उतरून जवळ येऊन उकिडवा बसला. "लई बरोबर बोलायची इहीनबाई," तो म्हणाला. "भेटायला पायजे हुतं जास्त."

कुंडलिकच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वीस वर्षं ही सासू त्याला बघितलं की पदर सावरून "या जावईबापू, बसा जावईबापू" म्हणायची. आणि संध्याकाळी गोठ्यात जाऊन म्हशीला हे सगळं सांगायची! तेही बरोबर. छत्रीसुद्धा.

"आंबू तोंडावर कुनाला बोलली न्हाई जल्मात," फुलाबाई म्हणाली. "समदं काजळीला सांगायची. ठकीचं, ज्ञानूचं, जावयाचं, माजंबी. मला भिंतीआड ऐकू यायचं, मी हसायची. ही म्हस त्यावरच वाढलीय. गाऱ्हानं ऐकलं की हिला वाटतं आपली मालकीन आली. ठकी गोड बोलती, गोड हिला कळत न्हाई. तेरा दीस तू बसत हुतीस, तवा काय पुटपुटत हुतीस?"

चंद्राबाई आठवू लागली. "वैनीवर," ती ओशाळून म्हणाली. "चाव्या कंबरंला लावून हिंडती म्हनून."

"मग? लुगडं बिचारं फुकट नाव काडून बसलं. ये, बस हितं."

चंद्राबाई बसली. घसा खाकरला. "आमची वैनी..." म्हणाली आणि अडली. कालची मिठी आठवली. "वैनी... चाव्या..." धार तुटली.

"मिटला तुजा राग," फुलाबाईनं निदान केलं. "मिटलेल्या रागावर पान्हा फुटत न्हाई बाये. म्हशीला खोटं कळतं. जवळचं मानूस बग कुनी. रोजचं." आणि तिनं कुंडलिककडं असं बघितलं, की तो दोन पावलं मागं सरला.

चंद्राबाईनं मान खाली घातली. सासरा समोर, परक्याचं अंगण. मग अगदी बारीक आवाजात, "घोरत्यात."

चुर्र.

"रातचं लई घोरत्यात."

चुर्र, चुर्र.

"शेजाऱ्याची कुत्री भुकत्यात."

साळू ओरडली, "आन् दादा माजा गूळ खात्यात!" तिसरीच धार सुटली. चारी सड मोकळे होईपर्यंत चंद्राबाईनं उशाखालचा तंबाखूचा बटवा, सांडलेला भात आणि वाटेत कुणाहीजवळ गप्पा मारत उभं राहण्याची खोड, एवढं सगळं वसूल केलं. कासेचा ताण उतरला. रात्री कोंडिबा दूध-भाकरी खाऊन झोपला, आणि कुंडलिक जागा राहिला, कारण घोरायची चोरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी कापूरहोळवरून भोरच्या रस्त्याला लागले. एक सर्विस मोटार भोंगा वाजवत धुरळ्यात न्हाऊ घालून गेली. आज काजळी निमूट चालत होती. चंद्राबाई गाडीतून उतरून तिच्या बाजूनं चालली होती, शिंगावर हात ठेवून. कुंडलिक अधूनमधून मागं बघायचा. त्याच्या मनात एकच काळजी होती. नसरापुरात ओळखीचं कुणी नव्हतं. उत्रोलीला रखमाजी तांब्या घेऊन बसला असणार. घरंदाज बाई गावाच्या देखत नवऱ्याचे गुण गाईल? आणि नाही गायले, तर?

दिवस कलताना घरी पोचले. अंगणात दहा-बारा माणसं बसलेली. रखमाजीच्या हातात खरंच तांब्या होता.

"आली, आली आठ शेरवाली!"

कुंडलिकनं म्हैस खुंट्याला बांधली. पाणी पाजलं, आंबोण ठेवलं, शक्य तितका वेळ काढला. माणसं हलेनात. चंद्राबाई डोक्यावरून पदर घेऊन बसली. चरवी मांड्यांत धरली. सड ओढले.

काही नाही.

"बोल की," कुंडलिक म्हशीचं दावं धरायच्या निमित्तानं उकिडवा बसून कुजबुजला.

"लोकं हायेत."

"हळू बोल. घोरायचं सांग."

"ते सांगून झालं. त्याचा राग ऱ्हायला न्हाई."

"छत्रीचं?"

"ती आईची तक्रार. माजी न्हवं."

काजळीनं मागचा पाय उचलला. रखमाजीनं तांब्यावर बोटानं टकटक केलं. "पान्हा चोरती वाटतं रं! ठकुबाईनं भाकड गळ्यात मारली का काय?" दोघं-तिघं हसले. कोंडिबा ओट्यावर बसून नातीला गप्प करत होता.

कुंडलिकनं बायकोकडं बघितलं. पदराच्या आत तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसते हात दिसत होते, रिकाम्या सडांवर थांबलेले. मिशी त्याला आठवली. पण ती फार वेळ आठवली नाही. या बाईजवळ एक राग ताजा होता, हे त्याला पक्कं माहीत होतं. तेरा दिवस नव्हे, कापणीपासून तो तिनं जिवापाड सांभाळला होता. तेवढ्याला कुणी हात लावला नव्हता. फुलाबाईनंसुद्धा नाही.

"भातकापनीचं सांग," तो म्हणाला. हे त्याला कुजबुजत म्हणता आलं नाही.

तिचे हात घट्ट झाले.

"तुजी आई खरवस खायला बलवत हुती. आन् म्या बघू म्हनलं. ते सांग. म्या ऐकतो."

चंद्राबाईनं कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलं. आवाज आला तो तिचा नव्हता, आणि तिचाच होता. तोच एकसारखा सूर, टाक्याला टाका.

"काय सांगू गं काजळे. म्या लुगडी बांदून ठिवली हुती. वळकटी करून कोपऱ्यात ठिवली. कापनी झाली, हे म्हनले मळनी हू दे. मळनी झाली, हे म्हनले शिमगा हू दे. रोज वळकटीवरची धूळ झाडायची मी. आईनं तुजा खरवस माज्यापायी झाकून ठिवला. तीन दीस ठिवला. कुनाला दिला न्हाई. मग नासला. ज्ञानूनं सांगितलं मला तेराव्याला, आई ते पातेलं घासताना म्हनली, यील माजी लेक, बघू..."

धार लागली होती ती कुणाला ऐकू आली नाही, इतकी ती तिच्या बोलण्यात मिसळून गेली होती. चारी सडांना पान्हा आला होता. चंद्राबाई रडत होती, बोलत होती, आणि हात चालले होते. फेस चरवीच्या काठावर आला, काठावरून तिच्या मनगटावर उतरला. कुंडलिक दावं धरून बसला होता. "व्हय," तो म्हणत होता. "व्हय. चुकलं. व्हय."

रखमाजी तांब्या खाली ठेवून नाक शिंकरत होता. "माज्या बायकूला हितं आनू नगा बाबांनो," तो म्हणाला. "तिनं तोंड उघडलं तर नीरंला पूर यील." तेव्हा सगळे हसले. चंद्राबाईसुद्धा, पदरानं डोळे पुसता पुसता.

ओट्यावरून कोंडिबानं विचारलं, "चरवी भरली का गं?"

"भरली, मामंजी."

"मग आज पुरं कर बाई. समदं येकाच दिशी काडू नगो. उंद्या सकाळची धार हाय."

कुंडलिकनं उठून भरलेली चरवी दोन्ही हातांनी उचलली. "उंद्याची काळजी करू नगा आबा," तो म्हणाला. "लई शिल्लक हाय."